आधी पाणी, मग पार्टी: ग्रँड आयलंडच्या एका बोटसहलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातील एका पतसंस्थेने निवृत्त होणाऱ्या व्यवस्थापकांच्या निरोपाप्रीत्यर्थ फेब्रुवारीत गोव्याची सहल काढली. कर्मचारी आणि त्यांचे घरचे मिळून 18 जण होते. लहान मूल कोणी नव्हते, पण वयाचा पल्ला 24 पासून 60 पर्यंत होता. पैसे आणि कार्यक्रम दोन्ही संस्थेच्या रोखपाल बाईंकडे होते. मी पणजीत राहतो. बाईंनी ओळखीतून आदल्या दिवशी सल्ला विचारला, त्यामुळे प्रकरण सुरुवातीपासून माझ्या कानावर आले. बोटीवर मी नव्हतो. पुढचा तपशील बाई, बोटीचा तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि ज्यांच्यावर प्रसंग ओढवला ते गृहस्थ या तिघांशी नंतर सविस्तर बोलून जुळवला आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून हुद्दे आणि काही किरकोळ गोष्टी बदलल्या आहेत.

मंडळींनी कांदोळीच्या रस्त्यावर टेबल मांडून बसलेल्या एका एजंटाकडे ग्रँड आयलंडची सहल ठरवली होती. दर माणशी दीड हजार रुपये होता आणि निम्मी रक्कम आगाऊ देऊन झाली होती. त्यात डॉल्फिन, आग्वाद किल्ल्याचे समुद्रातून दर्शन, बेटाजवळ स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्याखालचे पाहणे), गळ टाकून मासेमारी, भाजलेली मासळी, जेवण, गाणी आणि हवी तितकी बिअर असे सगळे होते. हे बेट वास्कोच्या किनाऱ्यापासून जवळ आहे. पण नेरूळच्या कोको बीचवरून सुटणाऱ्या बोटीला मांडवीच्या मुखातून बाहेर पडून, उजवीकडचा 1612 सालचा आग्वाद मागे टाकून, काबोचे टोक आणि झुआरीचे रुंद मुख ओलांडत सुमारे 15 किलोमीटर दक्षिणेला जावे लागते. लाटांनुसार या प्रवासाला तास-सव्वा तास लागतो. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरून निघाल्यास अंतर निम्म्याहूनही कमी होते. परंतु उत्तर गोव्यात उतरलेल्या पर्यटकाला एजंट सहसा उत्तरेतलीच जेट्टी देतो.

अडचण

एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कार्यक्रम बाईंनी मला पुढे पाठवला. साडेनऊला बोट सुटणार, सुटताच बिअर सुरू होणार, साडेअकराला स्नॉर्कलिंग आणि त्यानंतर जेवण, असा त्याचा क्रम होता. म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या पोटात तोपर्यंत दोन तासांची बिअर गेलेली असणार. ‘बिअरच तर आहे’ असे यावर सर्रास म्हटले जाते आणि तेच मला सर्वांत काळजीचे वाटते. दारूने तोल आणि अंदाज बिघडतो हे सगळ्यांना माहीत असते. परंतु नाकाने श्वास घेण्याची जन्माची सवय बाजूला ठेवून तोंडातल्या नळीने शांतपणे श्वास घेत राहणे, नळीत पाणी आले तर जोराने फुंकून बाहेर टाकणे आणि घाबरण्याआधी डोके वर काढून हात हलवणे, ही स्नॉर्कलिंगमधली तीनही कामे सावधपणा मागणारी आहेत. पोटात मळमळ असताना पाण्यात उलटी झाली, तर ती नळीतच होते. त्यातच गटातल्या पाच-सहा जणांनी बोट लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिन आणून ठेवली होती. या गोळीने मुळातच झोप येते आणि दारूबरोबर ती गुंगी वाढते.

क्रमाचा दुसरा परिणाम सहज लक्षात येत नाही. अशा बोटीवर तांडेल आणि दोन खलाशी असतात. पार्टी आधी सुरू झाली की एक खलाशी पेले भरण्यात आणि दुसरा शेगडीवर मासळी भाजण्यात गुंततो. पाहुणे पाण्यात असतात त्या वेळी त्यांच्याकडे टक लावून पाहणारा माणूस बोटीवर उरत नाही. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, श्वासालाच उसंत नसते, मग हाक कुठून येणार? त्यामुळे पाहणारा माणूस असणे ही पहिली गरज आहे आणि कार्यक्रमाचा क्रम चुकला की तोच माणूस हरवतो.

तिसरी अडचण माणसांची होती. वसुलीचे दोघे आणि एक पिग्मी एजंट (रोजची ठेव गोळा करणारा) पंचगंगेत पोहून वाढलेले असल्याने त्यांना शिकवणे कमीपणाचे वाटणार होते. व्यवस्थापक 60 वर्षांचे, रक्तदाबाची गोळी घेणारे आणि सहलीचे सत्कारमूर्ती. त्यांना ‘साहेब, तुम्ही पाण्यात उतरू नका’ असे कोणी सांगायचे? बाईंनी फोनवर हाच प्रश्न दोनदा विचारला. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्या स्वतःच शोधू शकल्या असत्या. हा एकच प्रश्न त्यांना खरोखर अडलेला होता.

विचारात घेतलेले पर्याय

सहल रद्द करणे हा पहिला पर्याय होता. आगाऊ रक्कम बुडाली असती, आणि त्याहून मोठे म्हणजे सहलीचा मुख्य दिवस वाया गेला असता. बाईंनी तो लगेच बाजूला ठेवला आणि मलाही ते योग्यच वाटले, कारण फेब्रुवारीतला सकाळचा समुद्र भिण्यासारखा नसतो. ठरल्याप्रमाणे जायचे आणि ‘ज्याने त्याने आपापले सांभाळावे’ असे सांगायचे, हा दुसरा पर्याय गटातल्या बहुतेकांना पसंत होता.

तिसरा पर्याय गट दोन भागांत विभागण्याचा होता. ज्यांना पाण्याखालचे पाहायचे आहे त्यांनी बायणाहून एखाद्या डायव्हिंग केंद्राबरोबर जावे, आणि बाकीच्यांनी संध्याकाळी पणजीच्या सांता मोनिका जेट्टीवरून मांडवीतली क्रूझ घ्यावी. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत चांगला होता आणि आजही कोणी विचारले तर मी तोच आधी सांगेन. परंतु निरोपाची सहल म्हणजे सगळ्यांनी एकत्र असण्याची सहल. गट फोडायला कोणी तयार झाले नसते.

चौथा पर्याय शेवटी स्वीकारला गेला: बोट पूर्ण स्वतःसाठी घ्यायची, तास-दीड तास लवकर निघायचे, थेट बेटावर जाऊन आधी स्नॉर्कलिंग उरकायचे आणि शेवटचा माणूस बोटीवर चढल्यावरच पहिली बाटली उघडायची. त्यासाठी माणशी चारशे रुपये जास्त पडले. एजंट सुरुवातीला तयार नव्हता. तांडेलाशी थेट बोलणे झाल्यावर मात्र प्रश्न सुटला, कारण सकाळी लवकर निघणे त्यालाही सोयीचे होते. या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी सपाट राहते; दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा उठतो आणि बेटावरून उत्तरेला परतणाऱ्या बोटीच्या तोंडावर लाटा येऊ लागतात.

आदल्या रात्रीची बैठक

साहेबांना कोणी सांगायचे, हा प्रश्न बाईंनी पतसंस्थेच्या रीतीने सोडवला. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवले आणि एका कागदावर चार ओळी लिहिल्या. आज रात्री अकरानंतर कोणी पिणार नाही. सकाळी ज्याने गुंगीची गोळी घेतली असेल, ज्याला हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, किंवा ज्याला बोटीवर मळमळले असेल, तो पाण्यात उतरणार नाही. पाण्यात जाणारा प्रत्येकजण जोडीने जाईल आणि जोडीदाराला सोडणार नाही. बिअर शेवटच्या डोक्यानंतर. मग कागद सहीसाठी फिरवताना त्यांनी तो सर्वांत आधी साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि सही केली. सहीचे वजन काय असते हे उभ्या आयुष्यात कर्जखते तपासलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

ही युक्ती माझ्या सल्ल्यातली नव्हे, पूर्णपणे बाईंची होती. नियम आदल्या रात्री, सगळे शुद्धीवर असताना, कोणा एकाकडे बोट न दाखवता ठरला. म्हणूनच दुसऱ्या दिवशी तो कोणाचा अपमान न होता पाळता आला.

जेट्टीवर

सकाळी आठला मंडळी कोको बीचवर पोहोचली. बोटीच्या अंगावर नोंदणी क्रमांक आणि किती माणसे नेता येतात ते लिहिलेले आहे की नाही, हे बाईंनी पाहून घेतले. गोव्यात ही परवानगी बंदर कप्तान खात्याची असते. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, आणि त्यानंतर आठवडाभरात, नाताळच्या दिवशी, कळंगुटजवळ पर्यटकांची बोट उलटली. या दोन्ही बातम्या गटातल्या सगळ्यांच्या लक्षात होत्या, त्यामुळे लाइफ जॅकेट घालायला कोणी कुरकुर केली नाही.

जॅकेट घातले म्हणजे काम झाले, असा समज मात्र इथे आडवा आला. बोटीवरची फोमची जॅकेटे पुढून दोन बक्कल लावायची होती. पायांमधून घ्यायचा पट्टा एकालाही नव्हता. असे जॅकेट बोटीत बसलेल्या माणसाला ठीक असते. पाण्यात पडल्यावर मात्र माणूस खाली राहतो आणि जॅकेट वर सरकते. खांदे हनुवटीला लागतात आणि हात मोकळे फिरत नाहीत. तांडेलाला हे माहीत होते. त्याने सुती दोरीचे तुकडे कापून ठेवले होते. एक टोक जॅकेटच्या मागच्या कडेला, दुसरे पायांमधून पुढे आणून कमरेच्या पट्ट्याला, असे तो प्रत्येकाला बांधून देत होता. बायकांनी ते विनातक्रार बांधून घेतले. पुरुषांपैकी काहींना ते लंगोटासारखे वाटले आणि हशा झाला. पिग्मी एजंटाने बांधून घेतले नाही. शिवाय पोटाला काचते म्हणून कमरेचा पट्टाही त्याने सैल केला.

मास्क पाहण्याची रीत तांडेलाने सोपी करून दाखवली. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने आत श्वास ओढायचा. हात काढल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो बसला, पडला तर पाणी शिरणार. भरघोस मिशी असलेल्यांचा मास्क वरच्या ओठाशी हवा सोडतो. त्यावर तिथे व्हॅसलिन फासतात आणि तांडेलाकडे त्याची डबी होती. ती डबीही पिग्मी एजंटाने हसून परत केली. दोन्ही गोष्टींना तांडेलाने एकेकदा सांगून पाहिले आणि सोडून दिले. इथे बाई हजर होत्या, पण त्या क्षणी त्या माणसे मोजण्यात आणि पैसे चुकते करण्यात होत्या.

पाण्यात

बोट साडेनऊच्या सुमारास बेटाच्या आडोशाला पोहोचली. प्रवाळ मोडू नये म्हणून तांडेलाने नांगर वाळूच्या भागात टाकला. खडक रचणाऱ्या साऱ्या प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे, हे फार थोड्या पाहुण्यांना ठाऊक असते. गोव्याचा समुद्र लक्षद्वीपसारखा काचेचा नसतो. मांडवी आणि झुआरीचा गाळ इथवर येतो आणि कधी पाच-सहा मीटर दिसते, तर कधी हात लांब केला तर बोटेही दिसत नाहीत. त्या दिवशी पाणी बरे होते.

साहेबांनी सकाळी अ‍ॅव्होमिन घेतली होती आणि वाटेत काबोजवळ त्यांना एकदा उलटीही झाली. बेटाशी पोहोचताच मात्र त्यांना तरतरी वाटू लागली आणि ते मास्क मागू लागले. बाई एवढेच म्हणाल्या, “साहेब, काल पहिली सही आपली आहे.” ते थोडे थांबले आणि म्हणाले, “मग मला काहीतरी काम द्या.” त्यांच्याकडे डोकी मोजण्याचे काम आले: पाण्यात कोण गेले, कोण वर आले याची यादी घेऊन ते बोटीच्या कडेला बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. हा माणूस आयुष्यभर रोजकीर्द जुळवत आलेला होता.

पाण्यात एका वेळी आठांहून जास्त जण नव्हते. एक खलाशी त्यांच्याबरोबर होता, दुसरा मागच्या बाजूला दोरी बांधलेली रिंग घेऊन उभा. पोहता न येणाऱ्या एका लिपिक बाईंनी शिडी धरून पाच मिनिटे नुसता तोंडाने श्वास घेण्याचा सराव केला, मग रिंग धरून पाण्यात तोंड घातले. काळ्या पट्ट्यांच्या पिवळट माशांचा थवा त्यांच्या हाताखालून गेला तेव्हा त्या नळीतूनच ओरडल्या आणि वर आल्यावर बराच वेळ त्यांना बोलता येईना. सहलीत मिळवायचे ते त्यांना त्या पाच मिनिटांत मिळाले, असे त्यांनी नंतर सांगितले. हे इथे नोंदवतो, कारण सुरक्षिततेच्या चर्चेत माणसे पाण्यात कशासाठी उतरतात हेच विसरले जाते.

प्रसंग दुसऱ्या फेरीत घडला. शेजारून दुसरी एक पार्टी बोट वेगाने गेली आणि तिची लाट सरळ या आठ जणांवर आली. पिग्मी एजंटाचे सैल जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आले, त्याच्या धक्क्याने मास्कची कड मिशीवरून सुटली आणि नाकात पाणी गेले. त्याने मास्क ओढून काढला आणि नळी थुंकून टाकली. पण तोवर एक श्वास पाण्याचा झाला होता. जॅकेटात अडकलेल्या हातांनी तो पाणी खाली दाबत राहिला. पंचगंगेतले सगळे पोहणे त्या क्षणी त्याच्या उपयोगी आले नाही, कारण तिथे तो कधी जॅकेट घालून पोहला नव्हता की नळीने श्वास घेतला नव्हता. त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. त्याचा जोडीदार असलेला तरुण लिपिक तीन-चार हातांवर होता. त्याने ते पाहिले, हात उंच करून हलवला, आणि रिंग पडली. तांडेलाच्या अंदाजाने सगळे मिळून मिनिटभरात तो माणूस शिडीशी होता.

तो प्यायलेला नव्हता. त्याला पाहणारेही प्यायलेले नव्हते आणि रिंगवाल्या खलाशाच्या हातात पेला किंवा चिमटा नव्हता.

परतीचा निर्णय

वर आल्यावर तो शुद्धीवर होता आणि बोलत होता, पण खोकला थांबत नव्हता. गटात दोन मते झाली. ‘थोडे खारे पाणी गेले आहे, अर्ध्या तासात बरे वाटेल, जेवून निघू’ असे बहुतेकांचे म्हणणे होते आणि तो स्वतःही तेच म्हणत होता. तांडेल आणि बाई मात्र लगेच निघण्याच्या मताचे होते. पोटात गेलेले पाणी आणि फुप्फुसात गेलेले पाणी यांत मोठा फरक आहे. फुप्फुसात पाणी गेलेल्या माणसाचा श्वास पुढच्या काही तासांत बिघडू शकतो, म्हणून खोकला टिकून असेल तर डॉक्टरांनी काही तास लक्ष ठेवणे आवश्यक असते.

नांगर उचलण्याआधी साहेबांनी यादी मोजून सगळी डोकी जुळवली. आता जायचे कुठे, हा प्रश्न होता. गाडी, कपडे आणि पैसे नेरूळला होते, पण तिथे पोहोचायला तासाहून जास्त लागले असते. तांडेलाने बोट बायणाकडे वळवली. वाटेतच 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलावली. तटरक्षक दलाचा समुद्रातील बचावासाठीचा 1554 हा क्रमांक तांडेलाच्या फोनमध्ये होता, त्याची गरज पडली नाही. बायणाहून रुग्णाला चिखलीच्या उपजिल्हा रुग्णालयात नेले.

परिणाम

रुग्णालयात पोहोचल्यावर रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण थोडे कमी होते. प्राणवायू लावल्यावर ते सुधारले, छातीच्या एक्स-रेमध्ये चिंतेचे काही दिसले नाही, आणि सुमारे सहा तास ठेवून घेऊन संध्याकाळी सोडले. बाई आणि त्याची पत्नी त्याच्याबरोबर राहिल्या. बाकीच्यांना दुपारी गाडी आणवून रस्त्याने परत नेले. बोटीवरची मासळी त्यांनी बायणाच्या किनाऱ्यावरच खाल्ली. साहेबांचा निरोप समारंभ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी झाला आणि तो चांगला झाला. बोटीच्या पैशांवरून एजंटाशी थोडी घासाघीस झाली, ती इथे महत्त्वाची नाही.

वेगळे काय करता आले असते

जेट्टीवर दोरी आणि व्हॅसलिन या दोन्हींना नकार मिळाला तेव्हा तांडेलाला ‘मग तुम्ही पाण्यात उतरणार नाही’ असे म्हणता आले असते. तो म्हणाला नाही, कारण पाहुणा पैसे देणारा असतो आणि उद्याचा धंदाही त्याच्या तोंडी असतो. आदल्या रात्रीच्या कागदावर ‘तांडेल सांगेल तसे जॅकेट आणि मास्क’ अशी पाचवी ओळ असती, तर हा नकाराचा अधिकार गटानेच त्याला दिला असता. बाईंना ही उणीव सर्वांत जास्त बोचते. मला तिचा दोष त्यांच्यावर जात नाही असे वाटते. दारू आणि आजार यांचा विचार करणाऱ्याला सामानाचा विचार सुचेलच असे नाही. तो बोट चालवणाऱ्याच्या कामाचाच भाग आहे. सहल विकताना जॅकेटच्या पट्ट्याविषयी एजंट एक वाक्यही बोलत नाही, याची मला खरोखर चीड येते.

बायणाहून निघण्याचा पर्याय मी फोनवर सांगितला होता, तो सकाळच्या गाडीच्या गैरसोयीमुळे मागे पडला. तो घेतला असता तर साहेबांची उलटी कदाचित टळली असती आणि रुग्णालयाचे अंतर सुरुवातीपासूनच माहीत असते. पाण्यात एका वेळी आठ ही संख्याही मला जास्त वाटते; एका खलाशामागे चार जण ठेवले असते तर फेऱ्या वाढल्या असत्या, पण सकाळचा वेळ हाताशी होता. आणि शेजारच्या बोटीची लाट ही काही अपवादाची गोष्ट नाही. हंगामात त्या आडोशाला एकाच वेळी अनेक बोटी उभ्या असतात. तांडेलाने आपली बोट माणसांच्या आणि येण्याजाण्याच्या वाटेच्या मध्ये आडवी लावली असती, तर लाटेचा जोर पुष्कळसा बोटीने घेतला असता. आता तो तशीच लावतो, असे त्याने मला सांगितले.

पिग्मी एजंटाशी बोललो तेव्हा त्याला एकच गोष्ट विचारायची होती: मिशी असताना मास्क नीट बसण्यासाठी व्हॅसलिन किती लावावे लागते. पुढच्या हिवाळ्यात तो मालवणला जाणार आहे आणि तिथेही त्याला पाण्यात उतरायचे आहे. ओठाच्या वरच्या कडेपासून नाकपुडीपर्यंत जाडसर थर द्यावा आणि जॅकेटची दोरी मात्र जोडीदाराकडून बांधून घ्यावी, एवढे मी त्याला सांगितले.